ब्रेक कॅलिपरला कुठला रंग लावावा? ६५० डिग्रीचा सायलेन्सर पेंट चालेल का?

तुम्ही विचारलंय की सायलेन्सर पेंट ६५० डिग्री सहन करतो म्हणजे तोच सगळ्यात टिकाऊ ना, तर नाही, कॅलिपरला (म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तो लावू नका. मी लावला होता. दोन महिन्यांनी ब्रेक ब्लीड करताना (ऑइलमधली हवा काढताना) थोडं ऑइल ओघळलं आणि पुसायला गेलो तर फडक्यावर ऑइलसोबत रंगच आला.

कारण असं की तो रंग सिलिकॉनवाला असतो, नीट तापवल्याशिवाय पक्का होत नाही. सायलेन्सर आपोआप तेवढा तापतो, कॅलिपर रोजच्या चालवण्यात तापत नाही. तापून लाल होते ती डिस्क, कॅलिपर नाही. आता बघा, डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवीन असताना कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, पाणी धरलेलं असेल तर १५५ च्या आसपाससुद्धा, म्हणजे कॅलिपर त्याच्या वर गेला तर रंगाआधी ब्रेकच जाईल. त्यामुळे डब्यावरचा डिग्रीचा मोठा आकडा बघून भुलू नका, ब्रेक ऑइल सांडल्यावर रंग टिकतो का ते विचारा. डॉट ३ आणि ४ ऑइल साधा रंग अक्षरशः विरघळवतं.

माझं मत विचाराल तर हार्डनर मिसळायचा, ब्रशने लावायचा टू-पार्ट इपॉक्सी कॅलिपर पेंट घ्या. रासायनिकरीत्या सेट होतो, भट्टी लागत नाही, ऑइल आणि खडी दोन्ही सोसतो, आणि ब्रशने लावला की आजूबाजूला उडत नाही. पावडर कोटिंग त्याहून दणकट, पण ते साधारण १८०-२०० डिग्रीला भाजतात, त्यामुळे पिस्टन, सील सगळं काढावं लागतं, कॅलिपर ओव्हरहॉलला उघडलाच असेल तरच तो विचार करा.

आणि रंग कितीही भारी असू दे, खालचा गंज नि ग्रीस गेलं नाही तर पोपडे निघणारच. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, मग ब्रेक क्लीनर, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, ती छातीत जाणं वाईट. रबरी बूट (धूळ अडवणारी रबरी टोपणं), पिस्टन, स्लाइड पिन (कॅलिपर ज्यावर सरकतो त्या), ब्लीडर निप्पल, पॅड बसतात त्या जागा आणि कॅलिपर जिथे बोल्टने टेकतो तो भाग टेपने झाका. पॅडच्या खाचेत रंगाचा जाड थर बसला तर पॅड अडकतो आणि चाक जाम धरतं, हे खरंच गंभीर आहे. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्या.

कॅलिपर काढलात तर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा, आणि परत बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक लागेपर्यंत दाबून बघा.