गिअरबॉक्स बदलायचा की गाडीच?

तुमचं पत्र थोडक्यात असं: १९९१ ची निसान ३००झेडएक्स, चार गिअरची ऑटोमॅटिक, अंगाने धडधाकट, कुठे गंज नाही. पण दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना गिअर घसरतो. गॅरेजवाला म्हणतो, एवीतेवी खाली उतरवायचाच आहे तर पाच गिअरचा मॅन्युअलच बसवून टाकू. तुमच्या मनातही ते कधीपासून आहेच. पैसे मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या ठेवीतून काढायचे आणि गाडीची किंमत वाढली की परत भरायचे. कॉलेजला चार वर्षं आहेत.

मला खटकलं ते हे शेवटचंच. किंमत वाढेल खरी, पण ती हातात येते गाडी विकल्यावर, आणि तुम्हाला तर ती चालवण्यासाठी हवी आहे. तेव्हा ठेवीला हात लावायचा नाही. त्यासाठी कर्जही काढू नका. आता उरलेल्या हिशेबाकडे.

गाडीची धडधाकट गिअरबॉक्ससह किंमत १०० धरू. तुम्ही दिलेले आकडे त्या प्रमाणात मांडले तर गॅरेजचा अंदाज ३५ येतो, ऑटोमॅटिकची दुरुस्ती १५ आणि कारखान्यातूनच मॅन्युअल निघालेली याच तोडीची गाडी १३०. घसरता गिअर बघून गिऱ्हाईक भाव पाडणार, म्हणजे आज विकली तर हातात ८२ च्या आसपास.

गॅरेजच्या ३५ वर माझा विश्वास नाही. माणूस खोटं बोलतोय असं नव्हे. अशा कामात यादी खोलल्यावर वाढते. गिअरबॉक्स, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हे सगळ्यांना आठवतं. पण ऑटोमॅटिकच्या इंजिनामागे पातळ फ्लेक्सप्लेट असते, तिथे जड फ्लायव्हील लागतं. क्रँकशाफ्टच्या टोकाला पायलट बेअरिंग लागतं. पेडलचा संच, क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, मधली नळी, लिव्हर, प्रॉपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सचं माउंटिंग, रिव्हर्स लाइटचा स्विच. शिवाय ऑटोमॅटिक फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्येच सुरू होते, ती वायरिंग बदलली नाही तर स्टार्टर ढिम्म हलणार नाही. इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही समोर आता ऑटोमॅटिक नाही हे कळावं लागतं. आणि एवढं उघडलंच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील टाकून घ्या, असं मीसुद्धा म्हणेन. मी ४७ धरतो.

आपली गाडी मॅन्युअल करून घेतलेल्या बीएमडब्ल्यू ई४६ एम३ वाल्यांचं ऐकून तुम्ही हुरळला असाल, तर त्यांचं गणित वेगळं आहे. त्यांचा एसएमजी, म्हणजे क्लच पेडल नसलेला गिअरबॉक्स, मुळात मॅन्युअलच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त हायड्रॉलिक यंत्रणा करते. ती काढून पेडल आणि लिव्हर बसवला की बरंचसं काम झालं. तुमच्याकडे क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर आहे, तेलातून इंजिनाची ताकद पुढे पोचवणारा, म्हणजे अख्खा गिअरबॉक्सच बदलायचा.

आता तीन वाटा. दुरुस्ती केली तर ८२ च्या गाडीत १५ घालून १०० ची गाडी. उलट ३ सुटले. मॅन्युअल बसवला तर ८२ अधिक ४७, म्हणजे १२९ गुंतले, आणि गाडी जाईल ११२ च्या आसपास. हा ११२ माझा अदमास आहे. बदललेल्या गाडीला चालवणारा गिऱ्हाईक मिळतो, पण मूळ गिअरबॉक्स शोधणारा पाठ फिरवतो. १७ गेले. तिसरी वाट: ही ८२ ला विकून १३० ची मॅन्युअल घ्या, कागदपत्रं, तपासणी आणि पहिली सर्व्हिस मिळून ६. गेले फक्त ६, पण खिशातून आज ५४ काढावे लागतात.

मॅन्युअलच हवी असेल तर कागदावर तिसरी वाट जिंकते. तरी मी डोळे झाकून तिकडे जा म्हणणार नाही, कारण तुमची गाडी तुम्हाला माहीत आहे. तीस वर्षांत मॅन्युअल कोणी कशी पिदडली हे पत्र्यावर लिहिलेलं नसतं. बिनगंजाची बॉडी हातची घालवून गंजकी घेतली, तर ते ६ कुठल्या कुठे जातील. पैशाच्या दृष्टीने मात्र मॅन्युअल बसवणं ही हौस आहे, १७ ची. परवडत असेल तर करा, पण वहीत ती गुंतवणुकीच्या पानावर नको.

माझ्या एका अशीलाने सुटे भाग हप्त्याहप्त्याने जमवायला घेतले होते. दोन वर्षांनी गेलो तेव्हा गाडी स्टँडवर होती आणि नवंकोरं फ्लायव्हील दार अडवायला ठेवलेलं. शेवटी त्याने ती तशीच, खोक्यांसकट दिली. अर्धवट उघडलेल्या गाडीइतका पडका भाव कशालाच मिळत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी गिअर का घसरतो ते दुसऱ्या गॅरेजला दाखवा. तेलाची पातळी किंवा एखादा सोलेनॉइड (गिअरबॉक्समधल्या तेलाची वाट उघडझाप करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) निघाला तर १५ सुद्धा लागणार नाहीत. ठेव न मोडता दरमहाच्या शिलकीतून ४७ जमायला तुमच्याच आकड्यांप्रमाणे अकरा महिने लागतील. तोवर मॅन्युअल गाड्या बघत राहा, दोन-तीन चालवून पाहा. पूर्ण रक्कम हाती आल्याशिवाय एकही भाग घेऊ नका. घ्याल तेव्हा त्याच मॉडेलची अपघातात गेलेली मॅन्युअल गाडी अख्खी मिळते का बघा: पेडलपासून कन्सोलच्या झाकणापर्यंत सगळं एकत्र येतं आणि उरलेलं विकता येतं. बदल केलात तर विमा कंपनीला लेखी कळवा, आणि जुना ऑटोमॅटिक भंगारात न घालता तेल भरून, तोंडं बंद करून ठेवा. पुढच्या गिऱ्हाइकाला तो हवा असू शकतो.