जुने कपडे आणि उरलेली औषधे युक्रेनला पाठवावीत का?

युक्रेनमधील विस्थापित कुटुंबांसाठी कोल्हापुरातील आपल्या सोसायटीने जुने कपडे आणि घरोघरी उरलेली औषधे जमवली असून ती कोठे पाठवावीत, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की ती पाठवू नयेत. पाठवणीला लागणारा खर्चच रोख देणगी म्हणून द्यावा. २०२२ च्या मार्चमध्ये मी नोकरीनिमित्त पोलंडमधील क्राको येथे होतो आणि सुटीच्या दिवशी युक्रेनच्या सरहद्दीजवळच्या प्शेमिशल रेल्वे स्थानकात स्वयंसेवक म्हणून काम करीत असे, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

युक्रेनने १८ ते ६० वर्षांच्या बहुतेक पुरुषांना देश सोडण्यास मनाई केली होती, त्यामुळे गाडीतून उतरत ते मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारी माणसे. कडेवर मूल आणि मागे थकलेली सासू अशी एखादी बाई समोर आली, की तिचे प्रश्न ठरलेले असत: फोन कोठे चार्ज करता येईल, आजची रात्र कोठे काढायची, सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या दुकानात मिळतील. कोट मागणारे फार थोडे. तरीही आमच्यापैकी कित्येक जण दिवसभर कपड्यांची खोकी उघडण्यात आणि निवडण्यात अडकलेले असत आणि त्या बाईजवळ थांबायला माणूस कमी पडे, याची खंत मला आजही आहे.

औषधांचे तर नुकसानच अधिक होते. बोस्नियाच्या युद्धात, १९९२ ते १९९६ या काळात, देणगी म्हणून आलेल्या औषधांपैकी अंदाजे १७ हजार टन निरुपयोगी ठरली आणि ती नष्ट करण्याचा भार युद्धाने मोडलेल्या त्या देशावरच पडला. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रुग्णांना एकदा दिलेली औषधे परत घेऊन दान करू नयेत, आणि दिलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यावर साधारणपणे किमान वर्षभर उरलेली असावी.

आपण कोल्हापूरचे आहात म्हणून शहराजवळच्या वळिवडे गावाची आठवण करून देतो. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे भारतात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यांतील सुमारे पाच हजार माणसे, प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले, तेथील छावणीत राहिली. बराकींमध्ये कुटुंबांना वेगळ्या खोल्या आणि स्वतःची चूल होती, हातात भत्ता मिळत असे, मुलांसाठी पोलिश भाषेतील शाळा होत्या, दवाखाना आणि चर्चही होते. खर्चाची जबाबदारी आधी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारने उचलली होती. आपल्या घरात आज काय शिजेल, हे त्या बायका स्वतः ठरवू शकत होत्या, हेच मला त्या व्यवस्थेचे मर्म वाटते. (पोलिश लोक गेल्यानंतर तेथेच फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबे वसली, आजचे गांधीनगर ते हेच.)

रोख मदत हा निर्णयाचा अधिकार परत देते. युरोपीय संघाने ४ मार्च २०२२ रोजी तात्पुरत्या संरक्षणाचा २००१ चा निर्देश प्रथमच लागू केला आणि युक्रेनमधून आलेल्यांना राहण्याचा, नोकरीचा, उपचारांचा व मुलांच्या शिक्षणाचा हक्क एका निर्णयाने दिला. माझ्या मते कोणत्याही खोक्यापेक्षा ही मदत मोठी होती. पैसे वाया जातील, ही शंका आपल्या सभासदांना येईल, पण कोणत्या मुलाचा बूट फाटला आहे हे आईला आपल्यापेक्षा निश्चितच अधिक कळते. जेथे वेढा पडून बाजारच बंद असतो, तेथे मात्र धान्य व औषधेच न्यावी लागतात, आणि तीही शक्य तितक्या जवळून घेतलेली बरी. अंथरुणाला खिळलेली वृद्ध व्यक्ती किंवा एकटे सुटलेले मूल यांच्यासाठी नुसते पैसेही पुरत नाहीत. तेथे प्रशिक्षित माणूस लागतो. एकट्या मुलाला कोणा अनोळखी वाहनचालकाबरोबर जाऊ न देणे हेही त्या माणसाचेच काम, आणि त्याचे वेतन देणगीतूनच निघते.

तेव्हा कपडे कोल्हापुरातच गरजूंना द्यावेत. जमलेली रक्कम युनिसेफ किंवा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या भारतातील कार्यालयाकडे अधिकृत मार्गाने भरावी, ती कोणत्या कामासाठी वापरली जाईल हे आधी विचारून घ्यावे आणि पावती सोसायटीच्या दप्तरी ठेवावी.