साउंड कार्ड: लूज पीस घ्यावा की बॉक्स पीस?

प्रश्न: ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावात माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. झाडीपट्टीच्या नाटकांचं पार्श्वसंगीत आणि रिक्षावर फिरवायच्या जाहिराती करतो. संगणकात आवाजाचं काम करणारं जुनं साउंड कार्ड गेलं. नागपुरात तेच कार्ड ओईएम, म्हणजे लूज पीस, 4,200 रुपयांना मिळतं. कंपनीच्या खोक्यातलं 6,500 ला. लूजवर दुकानदार तीन महिने देतो, खोक्यावर कंपनीची दोन वर्षं वॉरंटी. हातात साडेचार हजार आहेत, धानाचे चुकारे यायचेत. उरलेले बचत गटातून उचलू, असं बायको म्हणते. काय करू?

उत्तर: भाऊ, बॉक्स पीस घ्या. वहिनी म्हणतात तेही बरोबर आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. ओईएम माल नकली नसतो. संगणक जोडून विकणाऱ्यांना कंपनी तो ठोक देते. रंगीत खोकं, वायरी, पुस्तिका त्यात बहुधा नसतात. मुख्य म्हणजे ग्राहकाची तक्रार संगणक विकणाऱ्यानं निस्तरायची असते, म्हणून भाव उतरतो. तुम्ही अख्खा संगणक एकाच दुकानातून, एकाच बिलावर घेत असता तर मी ओईएमच सुचवलं असतं. तुम्ही मात्र जुन्या कॅबिनेटमध्ये स्वतःच कार्ड बसवणार. तीन महिन्यांनंतर तुमच्यामागे कोण उभं राहणार?

आता हिशेब. फरक 2,300 रुपयांचा. दोन वर्षांवर पसरला तर महिन्याला शंभरही पडत नाहीत. लूज पीस चौथ्या महिन्यात गेला तर 4,200 पुन्हा मोजावे लागतील, म्हणजे एका कार्डाचे 8,400. बॉक्स पीस जळणारच नाही असं नाही. तो जळाला तरी नागपूरची खेप आहेच, भिवापूर-उमरेड करत दिवस जाणारच, आणि बदलून मिळेपर्यंत काम अडणारच. या 2,300 मध्ये तुम्ही फक्त एवढंच विकत घेताय, की कार्डाचे पैसे दुसऱ्यांदा जाणार नाहीत. दिवाळीनंतर वडशाच्या कंपन्यांची नाटकं सुरू झाली की रोजचं काम याच कार्डावर चालणार, म्हणून ही किंमत मला रास्त वाटते. नुसती गाणी ऐकायला कार्ड हवं असतं तर वाटली नसती.

आणखी एक. नाव तेच म्हणून कार्ड तेच, असं धरून चालू नका. डेलच्या संगणकांत बसवून आलेल्या साउंड ब्लास्टर लाइव्हच्या काही कार्डांवर चिपच वेगळी होती. दुकानात मिळणाऱ्या लाइव्हचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, त्यांना चालत नसत. लूज पीस चंदेरी पिशवीत येतो. पिशवीवरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, कार्डावरचा मॉडेल नंबर वाचा.

निघण्याआधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. लांबट जुना पीसीआय स्लॉट आहे की आखूड पीसीआय एक्सप्रेस, ते दुकानदाराला दाखवा. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. शिवाय कार्ड खरंच गेलंय ना? दुसऱ्या संगणकात लावून बघा. नुसती घुंऽऽ अशी घरघर येत असेल तर आधी अर्थिंग तपासा. तारेभोवतीची माती कोरडी पडली असेल, तर 6,500 चं कार्डही तसंच घुमेल.

गटातून फक्त 2,000 उचला. मिळतात म्हणून दहा हजार नकोत. गटाचं व्याज महिना 2 टक्के धरलं तरी महिन्याला 40 रुपये होतात. तीन महिन्यांनी चुकारे आले तरी 120. लूज पीस दुसऱ्यांदा घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

बिल पक्कं घ्या, सिरियल नंबर लिहिलेलं. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर कराची वजावट मिळणार नाही, तरीही घ्या. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाचीच धरली जाते. दुकान नागपूरचं असलं तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात, चंद्रपूरला करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा. बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण गुळगुळीत थर्मल कागदावर छापलेलं असेल तर त्यावरची अक्षरं काही काळानं उडतात.

गटात पत वहिनींची आहे. चुकारे खात्यात आले की खताच्या उधारीआधी ते 2,000 भरून टाका.