कोडॅक्रोम बंद झाली तेव्हा सुपर ८ वर चित्रीकरण करणाऱ्या हौशी लोकांनी काय केलं?

तुमच्या आतोबांच्या कपाटात सुपर ८ चा, म्हणजे आठ मिमी रुंदीच्या फिल्मवर घरगुती चित्रपट घेण्याचा कॅमेरा आणि कोडॅक्रोम ४० या कोडॅकच्या रंगीत फिल्मची तीन कार्ट्रिज (फिल्म भरलेल्या डब्या) सापडली. ती आज चालवून धुऊन मिळतील का, आणि ही फिल्म बंद झाली तेव्हा तिच्यावर जीव असलेल्या लोकांनी काय केलं, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. पहिल्याचं उत्तर लगेच देतो: तिच्यातून रंगीत चित्र काढून देणारी नेहमीची लॅब आता जगात उरलेली नाही. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, कारण त्या काळातून मी स्वतः गेलो आहे.

मी मूळचा सांगलीचा, १९९९ पासून म्युनिकमध्ये आहे. इथे वसंतात थेरेझियनवीझेच्या मैदानावर मोठा जुना बाजार भरतो. तिथे २००१ साली मला निझो कंपनीचा कॅमेरा मिळाला. निझो ही म्युनिकचीच कंपनी, त्यामुळे कॅमेरा आपल्या गावातच फिरत राहिला होता म्हणायचा. मोटरीला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला पाऱ्याचे दोन छोटे सेल. ते पाऱ्याचे सेल तेव्हाच दुकानातून गेले होते. म्हणजे एखादी वस्तू बंद झाली की तिच्या जागी काय चालेल ते शोधत बसायचं, ही सवय आम्हाला फिल्म जायच्या आधीच लागली होती.

युरोपात कोडॅक्रोमच्या किमतीत धुण्याचे पैसे धरलेले असत. पंधरा मीटर फिल्म, सेकंदाला १८ चौकटी धरल्या तर ३ मिनिटं २० सेकंद. ती संपली की पिवळ्या पाकिटात घालून टपालपेटीत टाकायची. पाकीट स्वित्झर्लंडला, लोझानजवळच्या कोडॅकच्या लॅबमध्ये जायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी छोट्या चकरीवर गुंडाळलेली फिल्म घरी यायची. निगेटिव्ह नाही, प्रिंट नाही. कॅमेऱ्यातून जी पट्टी गेली तीच प्रोजेक्टरवर चढायची. पडदे ओढून घ्यायचे, दिवा लावायचा, झालं.

२००४ च्या जानेवारीत आई पहिल्यांदा इकडे आली. इंग्लिश गार्डनमध्ये गुडघाभर बर्फ होता आणि तिच्या अंगावर वरच्या कोटाखाली डाळिंबी इरकल होतं. कोट उघडून ती दहा-बारा पावलं चालली तेवढं मी घेतलं. ते डाळिंबी पडद्यावर जसं उमटलं तसं मी नंतर कुठल्याच फिल्मवर पाहिलं नाही. लाल रंगाला वजन होतं, सावल्या खरोखर काळ्या होत्या आणि बर्फ पांढराच राहिला होता, निळा पडला नव्हता. चौकट करंगळीच्या नखाहूनही लहान, तरी काठाची नक्षी दिसत होती.

मे २००५ मध्ये कोडॅकने जाहीर केलं की सुपर ८ साठीची कोडॅक्रोम ४० बंद होणार, तिच्या जागी एक्टाक्रोम ६४टी ही कोडॅकचीच दुसरी रंगीत फिल्म येईल. सुपर ८ ची कार्ट्रिज १९६५ साली बाजारात आली तेव्हापासून कोडॅक्रोम तिच्यात होती. चाळीस वर्षं बहुतेक घरगुती कॅमेरे हीच फिल्म गृहीत धरून बनले होते. आम्ही पत्रं लिहिली, अर्ज केले. काही उपयोग झाला नाही. मग सगळ्यांनी तेच केलं जे दुष्काळाची चाहूल लागल्यावर माणूस करतो: साठवण. मी एका झटक्यात तीस कार्ट्रिज घेतली आणि फ्रीझरमध्ये ठेवली. बायकोने मटारांची जागा दिली, हे मी विसरणार नाही.

एक्टाक्रोम ६४टी वाईट फिल्म नव्हती, पण कोडॅक्रोम तर ती अजिबात नव्हती. चित्रातले दाणे डोळ्याला टोचायचे. त्यात कॅमेऱ्यांची अडचण. सुपर ८ चा कॅमेरा कार्ट्रिजच्या कडेची खाच बघून फिल्मची संवेदनशीलता ओळखतो, आणि कितीतरी स्वस्त कॅमेऱ्यांना ४० आणि १६० एवढेच दोन आकडे कळायचे. ६४ ला ते ४० समजायचे, गरजेपेक्षा जास्त उजेड आत सोडायचे आणि चेहरे धुपल्यासारखे दिसायचे. ज्यांच्या कॅमेऱ्यात उजेड कमी-जास्त करणारी झडप हाताने लावता यायची ते वाचले. पुढच्या वर्षी सांगलीत आईचं तेच इरकल मी ६४टीवर घेतलं, तर ते विटकरी आलं.

साठवण करून आम्ही वेळ विकत घेतला असं वाटत होतं. इथे आमची चूक झाली, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तरही इथेच आहे. बाकीच्या रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी द्रव्यं फिल्मच्या थरांतच असतात. कोडॅक्रोमच्या थरांत ती नव्हतीच. तिचे तीन थर म्हणजे जवळपास कृष्णधवल फिल्म, एकीवर एक. रंग लॅबमध्ये यायचा. आधी साधं डेव्हलपिंग, मग खालून लाल उजेड देऊन एका थरात निळसर हिरवा रंग, मग वरून निळा उजेड देऊन दुसऱ्यात पिवळा, शेवटी उरलेल्या थरात किरमिजी. प्रत्येक रंगाला वेगळी अंघोळ. हे सगळं काटेकोर सांभाळणारं यंत्र आणि त्याच्यावर रसायनशास्त्रज्ञाची नजर, एवढं असल्याशिवाय ती फिल्म धुता येत नसे. घरच्या मोरीत तर नाहीच. म्हणजे अर्धी कोडॅक्रोम आमच्या फ्रीझरमध्ये होती आणि अर्धी त्या यंत्रात. यंत्र थांबलं त्या दिवशी फ्रीझरमधली फिल्मही संपली.

(ही गुंतागुंतीची फिल्म काढली दोन संगीतकारांनी, एक पियानो वाजवणारा मॅनेस, दुसरा व्हायोलिन वाजवणारा गोडोव्स्की. अंधाऱ्या खोलीत घड्याळ दिसत नाही म्हणून ते ब्राह्म्सची सुरावट शिटीवर वाजवत वेळ मोजायचे, असं सांगतात. लयीत वाढलेल्या माणसांना ते सुचलं याचं मला फार अप्रूप वाटतं. १९३५ साली फिल्म बाजारात आली ती आधी १६ मिमीच्या चित्रपटासाठी, फोटोसाठी नंतर.)

लोझानचं काम २००६ मध्ये थांबलं. त्यानंतर आमच्यासाठी एकच ठिकाण उरलं: अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स नावाच्या छोट्या गावातलं ‘ड्वेन्स फोटो’. आमची पाकिटं आता अटलांटिक ओलांडून जाऊ लागली. जून २००९ मध्ये कोडॅकने फोटोची कोडॅक्रोमही बंद केली आणि ड्वेन्सने शेवटची तारीख दिली, ३० डिसेंबर २०१०. शेवटच्या दिवसांत पार्सन्समध्ये लोक गाड्या घेऊन येत होते. रेल्वेत काम करणाऱ्या एका माणसाने आगगाड्यांच्या फोटोंचे १,५८० रोल धुऊन नेले. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी यांना दिला होता. त्यातल्या ३६ फोटोंपैकी काही त्यांनी मुंबईत काढले, अमिताभ बच्चन आणि नंदिता दास यांचे. जगातली शेवटची कोडॅक्रोम आपल्या मुंबईच्या उजेडात चालली, ही गोष्ट कळल्यावर मला बरं वाटलं होतं.

माझ्याकडे तोपर्यंत दोन कार्ट्रिज उरली होती. बहिणीचे दिवस भरत आले होते, बारशाला वापरायची म्हणून मी ती राखून ठेवली. बाळ नोव्हेंबरच्या मध्यावर यायचं, ते ३ डिसेंबरला आलं. बारसं १४ तारखेला झालं. हॅलोजनचे दोन दिवे लावून मी पाळणा, कुंची, नाव सांगताना आत्याचा चेहरा, सगळं एका कार्ट्रिजवर घेतलं. सांगलीहून पार्सन्सला पाकीट वेळेत पोचणं शक्य नव्हतं. ते मी टाकलंच नाही.

बंद झाल्यानंतरची वर्षं मात्र फक्त शोकाची नव्हती. हॅम्बुर्गच्या विटनर कंपनीने दुसरी फिल्म कापून सुपर ८ च्या कार्ट्रिजमध्ये भरून विकली. त्यातली एक तर बेल्जियममध्ये बनणारी, विमानातून जमिनीचे फोटो काढण्यासाठीची फिल्म होती! ती पॉलिएस्टरची असल्यामुळे तुटत नसे. ऐकायला गुण वाटतो, पण अडकली की फिल्मऐवजी कॅमेऱ्याचे दात तुटण्याची धास्ती. कॅलिफोर्नियात कोणी फुजीची वेल्व्हिया ही रंगीत फिल्म भरून देत होतं. आणि एक्टाक्रोमची एक बाजू आम्हाला उशिरा उमगली: ती घरी धुता येते. जुन्या रशियन लोमोच्या टाक्या होत्या, प्लास्टिकच्या चकरीवर पंधरा मीटर फिल्म अंधारात गुंडाळता येईल अशा. बादलीत ३८ अंशांचं पाणी, त्यात रसायनांच्या बाटल्या. पहिल्या खेपेला माझी अर्धी फिल्म एकमेकींना चिकटली. तिसऱ्या खेपेला ओली फिल्म न्हाणीघरातल्या दोरीवर वाळत असताना मुलगा म्हणाला, बाबा, यात मी आहे. पिवळ्या पाकिटाच्या काळात हे सुख नव्हतं.

पण एक्टाक्रोमही डिसेंबर २०१२ मध्ये गेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. काही जण निगेटिव्हकडे वळले. कोडॅकची व्हिजन निगेटिव्ह उत्तम आहे, उजेड कमी-जास्त झाला तरी सांभाळून घेते, पण ती स्कॅन करून संगणकावर बघायची. माझ्यासाठी प्रोजेक्टरची खरखर आणि भिंतीवरचा तो चौकोन हाच या छंदाचा गाभा आहे, म्हणून मी सहा वर्षं कृष्णधवल ट्राय-एक्सवर काढली. ती पॉझिटिव्ह येते, म्हणजे थेट प्रोजेक्टरवर चढते. त्या सहा वर्षांत मला उजेड कळायला लागला, कारण रंगाच्या आड लपायची सोय राहिली नव्हती. एक्टाक्रोम २०१८ मध्ये नव्याने बनून परत आली. कोडॅक्रोम परत येणार अशी कुजबूज अधूनमधून होते. त्या यंत्रांचा आणि त्या रसायनांचा पसारा बघता मी तरी तिच्यावर आशा लावून बसणार नाही.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी. कॅमेरा चालत असेल तर ट्राय-एक्सचं एक कार्ट्रिज घ्या आणि येत्या रविवारी घरच्या माणसांवर संपवा. कोऱ्या कोडॅक्रोमवर नवीन काही घेऊ नका. हाताशी चांगली फिल्म असताना त्यात अर्थ नाही.

पण ती तिन्ही कार्ट्रिज टाकूही नका. कुठलं अजून सीलबंद पुडक्यात आहे आणि कुठलं उघडं आहे ते बघा. उघड्या कार्ट्रिजच्या खिडकीत दिसणाऱ्या फिल्मवर इंग्रजीत ‘एक्स्पोज्ड’ अशी छापील अक्षरं असतील, तर ते पूर्ण चाललेलं आहे आणि आत आतोबांनी घेतलेलं काहीतरी आहे. अक्षरं नसली तरी ते अर्धंमुर्धं चाललेलं असू शकतं. जुन्या कोडॅक्रोममधून कृष्णधवल चित्र काढून देणाऱ्या काही लॅब आहेत. तिथे ‘प्रक्रिया बंद झालेली फिल्म’ असं स्पष्ट सांगून विचारा, आधी तुकडा कापून चाचणी करतील का तेही विचारा. बारशाचं कार्ट्रिज मी २०१४ मध्ये असंच धुऊन घेतलं. फिल्मच्या आत एक पिवळा थर असतो, तो कृष्णधवल प्रक्रियेत जात नाही, त्यामुळे सगळं गढूळ पिवळट आणि अंधुक होतं. स्कॅन करून उजळल्यावर पाळणा दिसला, आत्या वाकून कानात नाव सांगताना दिसली. कुंची कोणत्या रंगाची होती ते मला बहिणीला फोन करून विचारावं लागलं. ती म्हणाली, डाळिंबी, आईच्या जुन्या इरकलातून शिवलेली.