वाचकांचे प्रश्न : ओल, कुबट वास आणि एअर प्युरिफायर

प्रश्न : शुक्रवार पेठेत आमचं दगड-विटांचं जुनं घर आहे. पावसाळ्यात खालच्या खोलीत कुबट वास मारतो, आईचा दमा वाढतो. भिंतीला सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट दिला, तर ओल कमरेच्या वर चढली. एअर प्युरिफायर घ्यावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इतक्यात नको. प्युरिफायर हवेतले कण पकडतो, भिंत वाळवत नाही; ओल असेपर्यंत बुरशी येतच राहणार.

तुमची ओल पायातून चढणारी दिसते. पूर्वी भिंतीने ओढलेलं पाणी चुन्याच्या गिलाव्यातून उडून जायचं. सिमेंट आणि ऑइलपेंटने ती वाट बुजवली, म्हणून ते वर सरकलं. आधी पन्हळीचं आणि मोरीचं पाणी भिंतीच्या पायाशी मुरत नाही ना, ते पाहा. मग फेब्रुवारीत ओलीच्या रेषेच्या दोन फूट वरपर्यंत सिमेंट काढा, सांधे खरवडा आणि भिंत दीड-दोन महिने उघडी वाळू द्या. नंतर एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. एकेक थर 10-12 मिलिमीटरचा, आठवडाभर पाणी शिंपडत. वर फक्त चुन्याची सफेदी. गवंडी ‘थोडं सिमेंट घालू, लवकर पकडेल’ म्हणेलच. घालू देऊ नका.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी मारून खरवडा आणि ते काम चालू असताना आईला दुसरीकडे ठेवा. बुरशीही झाडूने झाडायची नाही, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायची.

तोवर घरातली वाफ कमी करा. 14.2 किलोचा सिलिंडर जळून संपेपर्यंत वीस लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं! स्वयंपाक चालू असताना आणि नंतर पंधरा मिनिटं एक्झॉस्ट फॅन लावा, समोरचं दार किंचित उघडं ठेवून; बाहेरची हवा आत आल्याशिवाय पंखा नुसताच फिरतो. कपडे खोलीत वाळत घालू नका. आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहायला हवी. मुसळधार पावसात मात्र बाहेरचीच हवा दमट असते, तेव्हा खिडक्या सताड उघडून काही वाळत नाही.

प्रश्न : न्हाणीघरात गॅस गीझर आहे. एक्झॉस्ट फॅन लावला की पुरे ना?

उत्तर : नाही. हवा आत यायला वाट नसेल तर तोच पंखा गीझरचा धूर आत खेचू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, चक्कर येईपर्यंत कळतही नाही. गीझर बाहेर उघड्या सज्जात बसवा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा.