आधी पाहुण्यांना थांबव

प्रश्न : मी २६ वर्षांची, खानापूर तालुक्यातल्या मराठा घरातली. बेळगावात टिळकवाडीत खोली घेऊन राहते. सोबत राहणारी मुलगी बैलहोंगलची, लिंगायत, घरी कन्नड बोलणारी. चार वर्षं आमचं एकमेकींवर प्रेम आहे. बाबा महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते. १ नोव्हेंबरला ते काळ्या दिनाच्या फेरीत आणि तिचे भाऊ कर्नाटक राज्योत्सवात, म्हणून आम्ही दोघी त्या दिवशी खोलीतच बसतो. आमच्यात भाषा आडवी येते, असं मी तिला सांगत आले आहे. दिवाळीनंतर मला बघायला पाहुणे येणार आहेत. काय करू?

उत्तर : बाळ, भाषा खरंच आडवी येते का? ती घरी आली की आई तिच्यासाठी गरम भाकऱ्या थापते, तिनं आणलेलं गोकाकचं करदंट बाबा डबा शोधून खातात, दोघींच्या आया यल्लम्माच्या पौर्णिमेला एकाच गाडीनं सौंदत्तीला गेल्या, हे सगळं तूच पत्रात लिहिलं आहेस. १९५६पासूनचं सीमेचं दुखणं मी हलकं लेखत नाही. ज्या घरानं मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, त्या घरात ते मुरलेलंच असतं. पण ती मुलगा असती तर बाबा आरडाओरडा करायला मोकळे होते. इथे घरात कुणाकडे शब्दच नाहीत, म्हणून तू भाषा पुढे करतेस. तिच्याशी तरी हे थांबव. ती तुझ्यासाठी मराठी वाचायला शिकते आहे गं.

आता पाहुणे. पोह्यांची बशी घेऊन बाहेर यायची वेळ येऊ देऊ नकोस, त्या मुलाचीही ती फसवणूक आहे. 'मला आत्ता लग्न करायचं नाही' यातला 'आत्ता' काढ आणि याच आठवड्यात घरी सांग. तेवढं आधी पुरे.

खरं कारण आईला एकटीला सांग. १ नोव्हेंबरच्या आसपास नको, भातकापणीच्या धांदलीतही नको. जाण्याआधी आधार, पदवीची कागदपत्रं, पासबुक खोलीवर ठेव आणि कुठे चालली आहेस हे एका खात्रीच्या माणसाला सांगून जा. आईबाप वाईट आहेत म्हणून नाही. घाबरलेली माणसं मुलीला कोंडून ठेवतात, हे मी पाहिलं आहे. कुणी 'सुधारायला' डॉक्टरकडे नेऊ लागलं तर ठाम नकार दे. असे उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्येच बजावलं आहे.

सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये अशा नात्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३मध्ये नाकारला, ते मला अजून सलतं. पण दोघी सज्ञान आहात, एकत्र राहायला कुणाची परवानगी लागत नाही. बँकेत जोडखातं काढता येतं, त्या खात्यावर एकमेकींना नॉमिनी म्हणून नेमता येतं. केंद्रानं २०२४मध्ये हे स्पष्ट केलं आहे. ते काम लगेच उरका.

आई ऐकून गप्प होईल. कदाचित दोन-चार महिने तुझ्याशी धड बोलणार नाही. तरी दर रविवारी फोन कर, जेवलीस का एवढं विचार. पाहुण्यांचं काय झालं ते मला कळव.