सेट आधी मोज, वार नंतर ठरव

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला आठवड्याचा तक्ता दोनदा वाचला. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी पाय, शुक्रवारी हात, शनिवारी पुन्हा हात आणि पोट. सहा दिवस घाम गाळायची तुझी तयारी मला मनापासून आवडली. तक्ता मात्र पटला नाही. तू आधी वार लिहिलेस आणि मग त्यांत व्यायाम भरलेस. आधी ठरवायचं ते हे, की प्रत्येक स्नायूला आठवडाभरात किती काम द्यायचं. वार त्यानंतर.

हे काम सेटमध्ये मोज. व्यायामाची एक पूर्ण आवृत्ती म्हणजे एक रेप, आणि न थांबता सलग केलेल्या रेप्स म्हणजे एक सेट. वॉर्म-अपचे सेट धरू नकोस. सेट थांबवलास तेव्हा चांगल्या फॉर्ममध्ये, म्हणजे पद्धत न बिघडवता, आणखी फार तर दोन-तीन रेप्स निघाल्या असत्या, इतका जड गेलेला सेटच मोजायचा. मोठ्या स्नायूला आठवड्याला असे 10 ते 20 सेट पुष्कळ होतात आणि तुझ्या टप्प्यावर 10 च्या आसपास पुरेसे आहेत. तू एकट्या सोमवारी छातीला 16 लिहिले आहेत. पहिले सात-आठ दमदार होतील, मग हात थरथरू लागतील, वजन उतरवावं लागेल आणि उरलेले सेट नुसते मोजण्यापुरते राहतील. शिवाय व्यायामानंतर स्नायूच्या बांधणीचा वेग साधारण एक-दोन दिवस वाढलेला असतो. म्हणजे बुधवारपर्यंत छाती सावरते आणि पुढच्या सोमवारपर्यंत तिला कामच नाही. एकूण सेट तेवढेच ठेवले तर निव्वळ दिवस वाढवून फार फरक पडत नाही, हे खरं. पण दोन दिवसांत वाटलेले सेट ताज्या ताकदीने होतात, आणि मला त्याचंच मोल जास्त वाटतं.

आता तुझ्या तक्त्यातली छुपी मोजणी बघ. बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर पडून बार वर ढकलताना, ट्रायसेप्स (दंडाचा मागचा भाग) आणि खांद्याचा पुढचा भाग राबतो, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) आणि पुल-अपमध्ये (बारला लटकून वर चढणं) बायसेप्स (दंडाचा पुढचा भाग). म्हणजे हातांचे दोन वेगळे दिवस धरण्याआधीच हातांना भरपूर काम मिळालेलं आहे. उलट मांडीच्या मागच्या भागाला सबंध आठवड्यात तीन सेट! आरशात जे दिसतं त्याचे सेट आपोआप वाढतात आणि मागची बाजू उपाशी राहते. हे मी फार मुलांमध्ये पाहिलं आहे, आणि गुडघा-कंबरेच्या दृष्टीनेही ते मला आवडत नाही.

माझ्या मते तुला चार दिवस योग्य. सोमवार-गुरुवार वरचं शरीर, मंगळवार-शुक्रवार खालचं.

सोमवारी बेंच प्रेसचे 4 सेट, रोइंगचे 4, शोल्डर प्रेसचे 3, लॅट पुलडाउनचे (वरची केबल खाली ओढणं) 3, शेवटी बायसेप्स-ट्रायसेप्सचे दोन-दोन. इथलं रोइंग वाकून बारबेलने करू नकोस, बसून केबलवर कर. दुसऱ्याच दिवशी स्क्वॉट आहे आणि त्याला कंबर ताजी लागते. मंगळवारी स्क्वॉट 4, लंजेस 3, लेग कर्ल 3, पोटऱ्या 4. गुरुवारी इन्क्लाइन डंबेल प्रेस 4, पुल-अप 4, फ्लाय 2, साइड रेज 3 आणि हातांचे पुन्हा दोन-दोन. शुक्रवारी रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत बार उचलणं) 4, लेग प्रेस 3, लेग कर्ल 3, पोटऱ्या 4. बेरीज करून बघ: छातीला 10 (बेंच, इन्क्लाइन, फ्लाय), पाठीला 11 (रोइंग, पुलडाउन, पुल-अप), मांडीच्या पुढच्या (स्क्वॉट, लंजेस, लेग प्रेस) आणि मागच्या भागाला (लेग कर्ल, डेडलिफ्ट) प्रत्येकी 10. पोटाचे दोन-तीन सेट हव्या त्या दिवशी शेवटी जोड.

रेप्स 8 ते 12 ठेव. 5 किंवा 25 रेप्सनीही स्नायू वाढतो, सेट तितकाच जड गेला तर; पण 8 ते 12 मध्ये सांध्यांवर फार ताण येत नाही आणि वेळही वाचतो. मोठ्या व्यायामांत दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं थांब, छोट्यांत एक-दीड मिनिट पुरे. घाईने दम लागतो, पण पुढच्या सेटच्या रेप्स घटतात.

वाढ कशी करायची, तर एखाद्या व्यायामाच्या सगळ्या सेटमध्ये 12 रेप्स झाल्या की पुढच्या वेळी बारवर 2.5 किलो वाढव आणि पुन्हा 8 पासून वर चढ. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या पायांत ताकद परत आणण्यासाठी असंच टप्प्याटप्प्याने वजन वाढवत नेलं आणि 1945 मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. आजही याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. म्हणून वही ठेव. अंग किती दुखलं यावरून प्रगती ठरवू नकोस; नवा व्यायाम केला की दुखतंच, आणि सवय झाली की स्नायू वाढत असतानाही दुखणं कमी होतं.

प्रथिनं शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण 1.6 ग्रॅम, म्हणजे 60 किलोला 96 ग्रॅम. झोप सात तासांच्या खाली नको.

एखादा दिवस बुडाला तर तो गाळू नकोस, क्रम पुढे सरकव. मंगळवारचे पाय राहिले तर बुधवारी पायच कर, नाहीतर दर वेळी तेच बुडतील. सलग दोन आठवडे रेप्स घसरत राहिल्या तर एक आठवडा सेट निम्मे कर. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो व्यायाम तिथेच थांबव आणि मला लगेच कळव.

चार आठवड्यांनी वहीची पानं पाठव. पुल-अपचे आकडे मला आधी बघायचे आहेत, पाठीचे सेट वाढवायचे की नाही ते त्यावरून ठरवू.

तुझा स्नेही